मार आमच्या पडवीत आला

आमच्या घरी भात रोज शिजत नसे. नाचणीची भाकर, ती संपली की वरी, आणि आषाढात डब्याचा तळ दिसू लागला की आई टाकळ्याचा पाला उकडून त्यात मूठभर कण्या सोडायची. ज्या दिवशी भात टाकला जाई त्या दिवशी शीत दाबून बघायचं काम माझं. दोन बोटांत शीत धरायचं, दाबायचं, मधे कडक लागलं तर अजून एक उकळी. एवढ्याशा कामाचा मला अभिमान होता. दुसरं अभिमान धरावं असं घरात काही नव्हतंही.

पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याशी आमची बौद्धवाडी. गाव ओढ्याच्या अलीकडे, आम्ही पलीकडे. माझ्या जन्माआधीच वाडीनं धर्म बदलला होता आणि त्याच्याबरोबर गावची कामंही सोडली होती. मेलेलं ढोर ओढायचं नाही, मयताची खबर घेऊन डोंगरातल्या वाड्यांना धावायचं नाही, शिमग्यात पालखीपुढं ढोल वाजवायचा नाही. आम्ही कामं सोडली, गावानं आम्हाला सोडलं. खळ्यावरून मिळणारं धान्य बंद झालं. बांधावरचं गवत बंद झालं. शेत आमचं नव्हतंच. आबा, म्हणजे माझे वडील, महामार्गाच्या कामावर खडी फोडायला गेले. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असत. आई म्हणायची, "माणूस आलाय का पिठाची गोणी, कळंना." आबा हसायचे आणि हसताना खोकायचे. तो खोकला आम्ही धुळीचा समजलो, आणि तो धुळीचाच होता.

मला पहिलीत घालायला आबा स्वतः आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. गुरुजींनी रजिस्टरात लिहून घेतलं आणि मान वर केली, तर आबा अजून उभेच.

"काय लिवलंत ते वाचून दावा," आबा म्हणाले.

"जे आहे तेच लिहिलंय."

"काय हाय ते वाचा."

"हिंदू महार," गुरुजींनी वाचलं.

"ते व्हतं. आता बौद्ध हाय."

"अरे, काय फरक पडतो?"

"फरक पडत नसंल तर मी सांगतो ते लिवा."

गुरुजी वाईट नव्हते. त्यांचा हात सवयीनं चालला होता. पण शाईनं लिहिलेलं खोडायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांनी सांगितलं आणि आबांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तालुक्याला जा, कागद करा, साक्षीदार आणा, साहेब नाहीत, उद्या या. खडीच्या कामावर रोज बुडाला की त्या दिवशी पाल्यात कण्याही पडत नसत. आई चिडायची. "एका शबुदासाठी किती दिस उपाशी निजायचं?" आबा पुन्हा तालुक्याची वाट धरत. अखेर एके दिवशी साहेबाचा कागद आला. गुरुजींनी तांबड्या शाईनं जुन्या शब्दांवर रेघ मारली, वर 'बौद्ध' लिहिलं, आणि बाजूला आबांचा अंगठा घेतला. मी शेजारी उभी होते. अंगठ्याची शाई आबांनी पुसली नाही. घरी येऊन आईला दाखवली, मग जेवायला बसले.

आता मार कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बुद्ध तपाला बसले असताना त्यांना उठवायला आला तो मार. पुढंही तो बुद्धांच्या, भिक्खूंच्या, भिक्खुणींच्या वाटेत पुन्हा पुन्हा येत राहिला. आमच्या वाडीत वैशाखी पौर्णिमेला पोरं ह्याचं नाटुकलं करायची. त्यात मार व्हायचं असेल तर काळा कोट, डोक्याला फेटा, काखेत छत्री आणि काजळाच्या मिशा. म्हणजे गावातला मोठा जमीनदार जसा दिसायचा तसा. तो स्टेजवर आला की बायका पदरात तोंड घालून हसायच्या, म्हातारे खोकायचे आणि पोरं ओरडायची, "आला, आला." कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आमच्यापुरता मार ओढ्याच्या अलीकडे राहत होता, कोट घालत होता आणि आम्हाला बांधावरून हाकलत होता. त्याला ओळखायला आम्हाला कधी अडचण पडली नाही.

वाडीतले तात्या हे नाटुकलं बघताना एकटेच गप्प बसायचे. तात्या मुंबईच्या गोदीत हमाली करून आलेले. तिथं रात्रशाळेत वाचायला शिकले. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, आमच्या पत्र्याच्या विहारात दिवेलागणीला तेच ग्रंथ वाचत. कव्हर उडालेलं एक जाड पुस्तक होतं, पाली वचनांचं मराठी. मी महाडच्या कॉलेजात गेले त्या वर्षी तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"आता तू वाच बाय. मी अर्थ सांगीन."

विहारात चुळबुळ झाली. एक म्हातारा बोललाच. "पोरीनं वाचायचं आणि आपण ऐकायचं? बाईची अक्कल चुलीपाशी."

तात्या म्हणाले, "तुझ्या आधी हे मारानं म्हणून ठेवलंय. बस, सांगतो."

आणि त्यांनी गोष्ट सांगितली. एक भिक्खुणी रानात झाडाखाली ध्यानाला बसली होती. मार तिला म्हणाला, मोठमोठ्या ऋषींना जे साधत नाही ते तुला काय साधणार, बाईला अक्कल ती दोन बोटांची. दोन बोटांची म्हणजे काय, तर शीत दाबून बघतात ती. मी माझ्या बोटांकडे बघितलं. भिक्खुणी म्हणाली, मन एकदा स्थिर झालं की बाईपणाचा संबंध येतो कुठं? ज्याला मी बाई, मी पुरुष असं वाटत असेल त्याला जाऊन हे सांग. आणि मग त्या सगळ्या गोष्टींत होतं तेच झालं. हिनं आपल्याला ओळखलं हे माराला कळलं, तो खिन्न झाला आणि तिथंच नाहीसा झाला.

"बघा," तात्या म्हणाले, "ती भांडली नाय, धोंडा मारला नाय. वळखलं, एवढंच केलं."

"आता वाचू दे का तिला?" मागून कोणा बाईनं विचारलं.

"वाचू दे की, मी कुठं धरलंय?" म्हातारा म्हणाला.

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. पांढरी साडी, आणि वाचन होईपर्यंत वाचणारानं जेवायचं नाही, असा आमच्या विहाराचा नियम. सकाळी एसटीनं महाडला जायचं, चार तास कॉलेज, परत येऊन पाणी भरायचं आणि उपाशीपोटी वाचायचं. आमच्या विहारापासून आमची पडवी वीस पावलांवर. आबा दमलेले असले की पडवीतच आडवे होऊन ऐकत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा आबांचं कामावर जाणं थांबलं होतं. आईनं त्यांना महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर नेऊन आणलं. अंग शेकलं, छाती होती तशीच राहिली. महाडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, फुप्फुसात दगडाची भुकटी साठली आहे आणि वर क्षय धरला आहे. सुया घ्याव्या लागतील, औषध खंडता कामा नये, अंडी-दूध द्या. आईनं मान डोलावली. बाहेर येऊन मला म्हणाली, "अंडी-दूध म्हणे. त्याला काय जातंय सांगाया."

अशात श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आमच्या पडवीत मामा आले. आईचे लांबच्या नात्यातले भाऊ, महाडला एका कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, बोलणं शुद्ध. आमच्याच समाजाचा हा माणूस वाडीतल्या कितीतरी पोरांचे फॉर्म हातानं भरून देत असे. त्यांनी आबांसाठी ग्लुकोजचा पुडा आणला होता. आबांच्या मनगटावर हात ठेवून ते बराच वेळ बसले.

मग म्हणाले, "बाय, तुझ्यासाठी एक जागा आहे. महाडातच. दिल्लीच्या अखत्यारीतलं ऑफिस, कायमची नोकरी. पदवी नको, मॅट्रिक चालते. मागासवर्गीय बाई हवी आहे आणि अर्जच आलेला नाही. घरच्या आजाऱ्यालाही तिथून औषधपाणी मिळतं."

आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती ती तशीच उभी राहिली.

"फक्त एक अडचण आहे," मामा म्हणाले. "राज्य सरकार बौद्धांना सवलत देतं. दिल्ली देत नाही. त्यांच्याकडे दाखल्यावर हिंदू महार लागतं."

मी म्हणाले, "माझ्या दाखल्यावर बौद्ध आहे."

"वर बौद्ध आहे. खाली जुनी नोंद आहेच की. मी हेडमास्तरांशी बोललोय. त्या नोंदीवरून दाखला देतील. तहसीलला द्यायला आबांचं प्रतिज्ञापत्र मी छापील फॉर्मवर टाइप करून आणतो. यात खोटं काय? जात तीच आहे. आणि मनात काय आहे ते कोण बघायला येतंय? विहारात वाचायचं बंद कर असं थोडंच कोणी म्हणतंय?" त्यांनी आबांकडे बघितलं. "यांच्याकडे बघ. रंग गेला, बरगड्या मोजता येतात. आधी माणूस जगू दे. जगला तर पुण्य करता येतं."

यात मला एकही शब्द वाईट वाटला नाही. मी मनातल्या मनात त्या ऑफिसातल्या खुर्चीत बसूनही बघितलं. डोक्यावर पंखा होता.

पण मला एक लाज होती, ती सांगते. माझ्या चुलतभावानं, आमच्या दादानं, दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. तसलाच कागद देऊन तो मुंबईला दिल्लीच्याच एका खात्यात लागला. तो सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला विहाराच्या दारात चारचौघांसमोर म्हणाले होते, "या, हिंदू दादा." लोक हसले. तो आत न येता परत गेला. त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. आता तोच कागद माझ्या दारात आला होता आणि मला हवा होता.

दोन दिवसांनी मी शाळेत गेले. हेडमास्तरांनी ते जुनं रजिस्टर कपाटातून काढून माझ्यासमोर उघडलं. तांबडी रेघ फिकट झाली होती. तिच्याखालचे दोन शब्द सहज वाचता येत होते. शेजारी आबांचा अंगठा. किती लहान दिसत होता तो. हेडमास्तरांनी कोरा दाखला पुढं ओढला, टोपण काढलं आणि म्हणाले, "लिहू ना?"

मी म्हणाले, "उद्या येते सर."

त्याच संध्याकाळी विहारात वाचताना पान उलटलं आणि ओळीनं पुढचा भाग आला तो नदीकाठी तप करणाऱ्या सिद्धार्थाचा. अंग वाळून गेलंय, आणि मार त्याच्याजवळ येतो. मला वाटलं होतं आता धमकी येईल. पण पुस्तकातला मार कळवळून बोलत होता. तू किती रोडावलास, तुझा रंग गेला, मरण जवळ आलंय तुझ्या. जग बाबा, जगणं बरं. जगलास तर पुण्यं करशील. तपाची वाट फार अवघड आहे.

मला पुढचं अक्षर दिसेना. पडवीत मामा जे बोलले होते, त्यातला शब्दन् शब्द होता.

"थांबलीस का?" तात्यांनी विचारलं. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं.

मी पुढं वाचलं. सिद्धार्थ माराच्या सेना मोजून दाखवतो. वासना, कंटाळा, तहानभूक, तृष्णा, आळस, भीती, शंका, हट्ट. शेवटी मान, लाभ, खोट्यानं मिळवलेलं नाव, आणि स्वतःला थोर म्हणून दुसऱ्याला हलकं लेखणं. तात्या अर्थ सांगायला लागले. "आपण माराला फेटा बांधतो. फेट्यातला मार ढोरसुद्धा वळखंल. तो मायेनं बोलतो तवा वळखायचा. एकदा तो शेतकरी होऊन आला, पायाला चिखल, खांद्यावर नांगर, आणि बुद्धाला विचारतो, माझे बैल बघितलेस का? दारात असा माणूस आला तर तुम्ही काय कराल? पाणी द्याल."

सकाळी मी आबांना पेज भरवत होते. ते म्हणाले, "काल ऐकलं मी."

"हूं."

"तो मार म्हणतो ते वाईट काय म्हणतो गो? जग म्हणतो. कोण म्हणतंय आपल्याला जग म्हणून?"

मी पुढचा चमचा भरला. आबाच पुढं म्हणाले, "मामाला म्हणावं, आण कागद. देतो अंगठा."

ज्या माणसानं एका शब्दासाठी आम्हाला उपाशी ठेवलं, तोच माणूस हे बोलत होता. मी चमचा खाली ठेवला. मामांच्या तोंडून बोलला तेव्हा मी माराला ओळखलं, असं म्हणता येईल. पण आबांच्या तोंडून? बापाचं बोलणं मार म्हणून ओळखायचं कसं, हे त्या पुस्तकात कुठं होतं? मी तात्यांना विचारलं. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "मला नाय ठाऊक. माझा बाप मी वाचाय शिकायच्या आधी मेला."

मामा कागद घेऊन आले तो दिवस पावसाचा. त्यांनी छत्री पडवीच्या खांबाला टेकवली, कागद कोरडा राहावा म्हणून शर्टच्या आत धरला होता तो काढला. शाईचा चपटा डबा आईच्या हातात दिला. आबांनी स्वतःच भिंतीला टेकून बसायचा प्रयत्न केला. आईनं मागं गोधडी लावली.

"मी जगावं म्हनून नाय गो," आबा मला म्हणाले. "माझं झालंय. तू खुर्चीवर बसशील म्हनून."

त्यांनी उजवा हात पुढं केला. आईनं डबा माझ्याकडे दिला, कारण आबांचा हात तिला धरायचा होता. मी डबा उघडला. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "आधी वाचून दाखवते."

मामा म्हणाले, "अगं, नेहमीचंच आहे."

"तुम्ही पण गुरुजींना वाचायला लावलं होतं," मी आबांना म्हणाले आणि वाचलं. मी अमुक, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मी जातीने हिंदू महार आहे. माझी मुलगी हिंदू महार आहे. मी व माझ्या कुटुंबाने हिंदू धर्माखेरीज अन्य कोणताही धर्म कधीही स्वीकारलेला नाही.

"कधीही?" आबांनी विचारलं.

"ती ओळ छापीलच असते भावोजी," मामा म्हणाले.

आबांचा हात खाली आला नाही. तसाच पुढं राहिला. "असू दे," ते म्हणाले. "छापील हाय."

मी डब्याचं झाकण लावलं.

"उघड," आबा म्हणाले.

"नाय."

"मी सांगतोय उघड."

"नाय आबा. हा अंगठा मी घेणार नाय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. आबांनी हात गोधडीत घेतला. मग स्पष्ट म्हणाले, "तुला लय शिकवलं मी."

मामांनी कागदाची घडी केली. रागावले नाहीत. "उद्या मला दोष देऊ नका," एवढंच म्हणाले आणि छत्री उघडली. ओढा ओलांडून जाताना ते मला दिसत होते. खांदे पडलेले होते त्यांचे. त्या माणसानं आमचं भलंच चिंतलं होतं, हे मी आजही म्हणते. पुस्तकात मार खिन्न होऊन निघून जातो आणि गोष्ट संपते. त्यानंतर घरात काय होतं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. आमच्या घरी आबा त्यानंतर दहा आठवडे जगले.

पहिला आठवडा ते माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलायची ती भांड्यांशी. एकदा रिकामा टोप चुलीवर ठेवून म्हणाली, "तुझा दाखला टाक त्यात. शिजतो का बघ." मी ते ऐकून घेतलं. दवाखान्यातल्या सुया संपल्या, पुढच्या आल्या नव्हत्या, येतील म्हणत होते.

भाद्रपदात दादा आला. मुंबईहून, न कळवता. हातात पिशवी. तो पडवीत वाकून आत आला तेव्हा आबांनी डोळे किलकिले करून बघितलं.

"आला बघ मार," ते म्हणाले.

"व्हय काका. सुया घेऊन आलाय," दादा म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्या खात्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला धरून त्यानं औषध मिळवलं होतं आणि सुई टोचायलाही शिकून आला होता. मी कोपऱ्यात उभी होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बोलू नको. पाणी उकळ."

मी पाणी उकळलं. काचेची सिरिंज त्यात सोडली. पंधरा दिवस तो राहिला, पंधरा दिवस मी रोज पाणी उकळलं. हिंदू महार लिहून मिळवलेल्या नोकरीतलं औषध माझ्या बापाच्या दंडात जात होतं आणि मी ते हातानं उकळून देत होते. सहाव्या का सातव्या दिवशी मी म्हणाले, "दादा, विहाराच्या दारात मी बोलले ते..." तो म्हणाला, "सुई पकड. गरम हाय."

तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोजत व्हतीस ना त्या सेना? शेवटली कुठली वाचली व्हतीस?" मी ओशाळले. स्वतःला थोर म्हणणं, दुसऱ्याला हलकं लेखणं. वाचताना ती ओळ मी सगळ्यांत मोठ्यानं वाचली होती.

सुयांनी ताप उतरला, पण श्वास परत आला नाही. नंतर एका डॉक्टरनं मला सांगितलं की फुप्फुसातल्या दगडाला औषध नव्हतंच, नोकरी लागली असती तरी हेच झालं असतं. ते खरं असेल. पण झाकण लावताना मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे मी त्याचा आधार घेत नाही.

अश्विनी पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती होती. मी पांढरी साडी नेसत होते. आबा म्हणाले, "मोठ्यानं वाच. हितवर येऊ दे." मग थोडं थांबून, "शाळेतल्या बुकात माझा अंगठा हाय का गो अजून?"

"हाय."

"पुसलाय?"

"नाय. चांगला दिसतोय."

"बरं," ते म्हणाले. मी केलं ते बरोबर की चूक, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी मोठ्यानं वाचलं. त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी ते गेले. आई शेजारी होती, मी महाडला कॉलेजात होते.

तेराव्याचं आमच्यात काही नसतं. आठवड्यानं आईनं आबांचा हातोडा पडवीच्या आढ्यातून काढला, तोंडाला फडकं बांधलं आणि ती घाटात खडी फोडायला गेली. मी कॉलेज सोडते म्हणाले तर म्हणाली, "आता सोडलंस तर तो मेला कशाला?" हे ती प्रेमानं म्हणाली नाही. मी अभ्यासाला बसले. सकाळी पाण्याला जाताना पाठांतर, एसटीत पाठांतर. परीक्षेच्या दिवसांत दादा सुट्टी काढून येऊन राहिला, पाणी त्यानं भरलं. बाप्या माणूस डोक्यावर हंडा घेऊन चाललेला बघून वाडी हसली. तो म्हणाला, "हसा. पास झाली तर तुमचेच फॉर्म भरंल."

पुढं बऱ्याच वर्षांनी दिल्लीनं कायदा बदलला आणि बौद्धांनाही ती सवलत मिळाली. दादा तोवर त्याच खात्यात होता, हिंदू म्हणूनच. बातमी कळली त्या दिवशी तो माझ्याकडे आला, चहा प्याला आणि त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. मीही काढला नाही.

मी दुसऱ्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या वाडीतली पहिली. नंतर बी.एड. केलं आणि राज्याच्या सवलतीत, बौद्ध म्हणून, आमच्याच तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत लागले. पहिल्या महिन्यात आईनं हातोडा ठेवला. ती त्यानंतर खूप वर्षं जगली आणि घरात रोज भात शिजला. शाळेत नवीन मुलांची नावं रजिस्टरात लिहायचं काम मी मागून घेतलं. लिहून झालं की पालकांना मी वाचून दाखवत असे.